कशानं गेले?

घरात आईला याडी म्हणायचं आणि फाटकाबाहेर आई म्हणायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. शाळेत जायला लागले तेव्हा ते आपोआप होत होतं. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. तांडा सोडून यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहायला आलो होतो. वडील औद्योगिक वसाहतीत कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये चौकीदार होते आणि याडी जवळच्याच एका अनुदानित बालगृहात स्वयंपाक करायची. बालगृहाच्या आवारात मागच्या बाजूला दोन खोल्या आम्हाला राहायला दिलेल्या होत्या. कापसाच्या दिवसांत जिनिंगची घरघर सकाळी सुरू व्हायची आणि ती थांबली की कान दुखल्यासारखे वाटायचे. सरकीचा तेलकट वास कपड्यांत, उशांत, पिण्याच्या पाण्यातसुद्धा यायचा. वडील घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचा पांढरा भुरा बसलेला असे आणि याडी त्यांना म्हणायची, "आला का म्हातारा." आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीला बाटी म्हणतात. याडी ती हातावर थापायची, परातीत नाही. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, उन्हाळ्यात अंबाडी, आणि वर्षभर पाट्यावर वाटलेला ठेचा. तो वाटताना ती गोरबोलीत स्वतःशी काहीतरी बोलत असायची. ते बोलणं मला अजून ऐकू येतं, शब्द मात्र आठवत नाहीत.

बालगृहातला स्वयंपाक वेगळा होता. तिथल्या वरणात डाळ शोधावी लागे. याडी कोठीची किल्ली मागायची आणि अधीक्षक सर ती स्वतः घेऊन यायचे, स्वतः मोजून काढून द्यायचे आणि कोठीला पुन्हा कुलूप लावायचे. अधीक्षक सर वाईट बोलत नसत. त्यांचा आवाज मऊ होता, शर्ट इस्त्रीचा असे आणि दुपारी ते आपल्या खोलीत तुपातला शिरा खात. तो शिराही याडीच करायची. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळीकडे फिनाइल टाकलं जाई. मुलांना ट्रंकेतले नवे कपडे मिळत, जेवणात पुऱ्या असत, फोटो निघत. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की कपडे परत ट्रंकेत जात. फिनाइलचा वास आला की मी अजून तपासणीचे साहेब शोधते, दवाखान्यात गेले तरी. संस्थेला प्रत्येक मुलामागे अनुदान मिळत असे, त्यामुळे तिथं मूल आलं की आनंद असे आणि गेलं की नसे. एवढी गोष्ट कळायला मला अक्कल लागली नाही, नुसते डोळे पुरले.

दिवाळीनंतर एके सकाळी एक पोलीस शिपाई एका लहान मुलीला घेऊन आला. ती यवतमाळच्या एसटी स्टँडवर एकटी सापडली होती. पाचेक वर्षांची असेल. केसांत लाल लोकरीचा गोंडा, अंगात आरसे लावलेलं पोलकं. ती रडत नव्हती. शिपाई म्हणाला, "कोणाची हाये, कोणत्या गावची हाये, काई समजून नाई राह्यलं. बोलते ते आपल्याले कळत नाई." याडी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, तिच्यासमोर बसली आणि गोरबोलीत नाव विचारलं. मुलीनं सांगितलं, सोनी. गाव विचारलं तर म्हणाली, तांडा. कोणाचा तांडा, तर नायकाचा. आमच्या भागात तांडे शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक तांड्याला नायक असतो. घरी कोण आहे, तर काकी. मग तिनं स्वतःहून सांगितलं की ती आईकडे निघाली होती. गाडी आईच्या दिशेला जाते असं तिला वाटलं म्हणून ती त्या गाडीत चढली. कंडक्टरला ती कुणातरी बाईबरोबर आहे असं वाटलं असावं. याडीनं तिला चुलीजवळ बसवून गरम बाटी आणि गूळ दिला. पुढचे कित्येक दिवस ती पोर स्वयंपाकघरातून हलली नाही.

अशा मुलांचा निर्णय करणारं एक मंडळ होतं. हल्ली त्याला समिती म्हणतात. मंडळ बालगृहातच बसायचं, अधीक्षकांच्या खोलीत, शिऱ्यानंतर. अध्यक्षबाई शहरातल्या एका मोठ्या घरातल्या होत्या. मुलं जवळ आली की त्या रुमाल नाकाजवळ धरत आणि "ये बाळ" म्हणत, दोन्ही एकाच वेळी. सोनीची भाषा कुणाला येत नव्हती म्हणून दुभाषी म्हणून याडीला बोलावलं. ती पदराला हात पुसत गेली. मी व्हरांड्यात अभ्यासाला बसले होते. मधली खिडकी उघडी होती.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तिची आई कुठं आहे?"

याडीनं सोनीला विचारलं. सोनी म्हणाली, "याडी गी."

याडीनं सांगितलं, "माय गेली म्हणते."

"अरेरे. कधी गेली?"

"दिवाळी झाल्यावर."

"आणि वडील?"

सोनी म्हणाली, "बाप गो." याडीनं सांगितलं, "बापबी गेला."

"दोघंही?"

"दोघं संगच गेले, बाई. नवराबायको संगच जाते ना."

मग अध्यक्षबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "कशानं गेले?"

याडीनं सोनीला विचारलं आणि सांगितलं, "ट्रकनं."

अध्यक्षबाई "च्, च्" म्हणाल्या आणि सोनीच्या डोक्यावरून, केसांना न लागता, हात फिरवला. याडी परत येऊन भाताला आधण ठेवायला लागली. त्या खोलीत एकही खोटं वाक्य बोललं गेलं नव्हतं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मुकादमाचा ट्रक तांड्यात येतो. नवराबायको जोडीनं त्यात चढतात आणि चार-सहा महिन्यांसाठी पश्चिमेकडे जातात. तांड्यातल्या कुठल्याही माणसाला "कशानं गेले" विचारलं तर तो वाहनाचंच नाव सांगेल. याडीला यात जास्त काही सांगण्यासारखं वाटलं नाही. खुर्चीवर बसलेल्यांनाही जास्त काही विचारण्यासारखं वाटलं नाही. सोनी त्या दुपारपासून अनाथ झाली. नोंद झाली, आई-वडील ट्रक अपघातात मयत.

पुढं माझं आयुष्य बातम्यांच्या टेबलावर गेलं. परदेशातून येणाऱ्या बातम्या मराठीत करणं हे माझं काम होतं. एका श्रीमंत देशात सीमेवर एकट्या सापडणाऱ्या स्थलांतरित मुलांसाठी कायदा होऊ घातला होता, तेव्हा सोबत कुणी नसलेल्या अशा मुलांना मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या टेबलावर वाद झाला. एका सहकाऱ्यानं मथळ्यात "बेवारस" लिहिलं. हा शब्द आम्ही रुळांशेजारी सापडलेल्या प्रेतासाठी आणि स्टँडवर विसरलेल्या बॅगेसाठी वापरत होतो. मी तो काढला. त्यानं विचारलं, मग काय लिहू, त्यांना आई-बाप आहेत कुठं? मी म्हटलं, बातमीच्या चौथ्या परिच्छेदात आहेत, वाच. अशा कायद्यांचे मसुदे आजही माझ्या वाचनात येतात आणि भाषा बदललेली दिसत नाही. मूल मागं ठेवून आई-बाप कामाला गेले तर त्यांनी मूल टाकलं. मूल पाठोपाठ एकटं आलं तर त्यांनी त्याची तस्करी करवली. सोबत घेऊन आले तर त्यांनी मुलाची ढाल केली. या तिन्ही वाक्यांच्या सुरुवातीला बालकाचं सर्वोत्तम हित असे शब्द असतात. ते शब्द मी नोकरीत असंख्य वेळा भाषांतरित केले आणि दर वेळी हात धुवावेसे वाटले.

बालगृहात सोनीचं नाव सोनल झालं. अधीक्षक सरांच्या मते ते पुढं बरं पडलं असतं. गोरबोलीत बोलली की तिला प्रार्थनेनंतर उभं ठेवत. नातेवाइकांसाठी एका वर्तमानपत्रात तिच्या फोटोची छोटी जाहिरात आली. ते वर्तमानपत्र कुठल्याच तांड्यात जात नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला शहरातून एक जोडपं आलं. चांगली माणसं होती. त्यांना मूल नव्हतं, आणि त्यांनी सोनीसाठी आणलेली बाहुली तिच्याएवढीच मोठी होती. याडी चहाचा ट्रे घेऊन आत गेली तेव्हा अधीक्षक सर मऊ आवाजात सांगत होते, "आई-वडील दोघंही ट्रकच्या अपघातात गेले. जवळचं कुणीच नाही. कायद्यानं आता काही अडचण उरलेली नाही."

ट्रे टेबलावर ठेवून याडी म्हणाली, "कोण मेलं?"

"तुम्ही जा, बाई."

"नाई, कोण मेलं म्हणता? हिचे मायबाप? कोण सांगतलं तुमाले?"

"तुम्हीच सांगितलं. ट्रकनं गेले म्हणून."

"अवो, ट्रकनं उसाले गेले! माणूस ट्रकनं जाते ना सायेब, उसाले का विमानानं जाते?"

जोडप्यातली बाई उठून उभी राहिली. अधीक्षक सर हसले. ते हसणं मी खिडकीतून पाहिलं आणि आज इतक्या वर्षांनी ते चेहऱ्यासकट सांगू शकते. जोडप्याला ते म्हणाले, "स्वयंपाकीण आहे. मुलीचा लळा लागलाय, त्यामुळं असं बोलते." जोडपं गेल्यावर त्यांनी याडीला समजावलं. नोंद झाली आहे, मंडळाचा निर्णय झाला आहे, कोर्टात कागद जायचे आहेत. मुलीचं सोनं होतंय. तिकडं काय, उसाच्या फडात राहायचं. "आणि समजा जिवंत असतील," ते म्हणाले, "तरी असे आई-बाप काय कामाचे?" त्यांना त्या क्षणी सगळं समजलेलं होतं. चूक चालू ठेवणं सोयीचं होतं, म्हणून ती चालू राहणार होती.

घरी आल्यावर याडीनं वडिलांसमोर ताट ठेवलं आणि ती बोलायला लागली. वडील जेवताना कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "बकरी असती तं बरं होतं. कोंडवाड्यात गेलो असतो, दंड भरला असता, बकरी घेऊन आलो असतो. बकरीले कोणी इचारत नाई, तुयी माय मेली का म्हणून."

"तुमाले हसू येते."

"मी कुठी हसून राह्यलो? जेवू दे."

जेवून झाल्यावर हात धुता धुता ते म्हणाले, "रविवारी बाजार हाये. आपले लोक येते. सांग चौघीजणींले."

याडीनं रविवारच्या बाजारात मिरचीच्या ढिगापाशी बसून येईल त्या गोर बाईला सोनीचं वर्णन सांगितलं. लाल गोंडा, आरशाचं पोलकं, घरी काकी. पुढच्या रविवारीही सांगितलं. त्यानंतरच्या बाजाराला दिग्रसकडची एक बाई थांबली आणि म्हणाली, पोरगी हरवली म्हणून आमच्या शेजारच्या तांड्यातली एक काकी पोलिसात गेलती, तिलेच दमदाटी करून हाकलली. पोर कोणाच्या भरवशावर सोडली, आधी तुलेच आत टाकतो, असं म्हणले. म्हणून ती गप बसली. तिथून निरोप नायकाकडे गेला, नायकाकडून मुकादमाकडे. आगाऊ पैसे दिलेले असल्यामुळं मुकादमानं एकालाच सोडलं. बाप फडातच राहिला, आई निघाली.

तिचं नाव कमळी. ती आली तेव्हा मी फाटकाजवळ होते. हातांवर उसाच्या पातीचे काप, पायांना भेगा, आणि अंगाला तो आंबूस गोड वास जो उसाच्या कामातल्या माणसांचा असतो. अधीक्षक सरांनी तिला व्हरांड्याच्या खाली उभं ठेवलं आणि मुलगी दाखवायलाही नकार दिला. कागदोपत्री या मुलीला आई नाही, ते म्हणाले. आपण आई आहोत हे सिद्ध करा. त्याआधी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करा.

कमळी म्हणाली, "मी मेली नाई ना, सायेब. मी उसाले गेलती."

"तसा दाखला आणा."

तिनं तो आणला. पेन्शनवाले म्हातारे देतात तो हयातीचा दाखला त्या तरुण बाईनं ग्रामसेवकाकडून आणला, स्वतःच्याच मुलीला भेटण्यासाठी. नायकही सोबत आला. मंडळ पुन्हा बसलं. याडीला पुन्हा बोलावलं. मला याही वेळी कुणी खिडकीपासून उठवलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, दाखले काय, कुणीही आणतं. मूलच सांगेल. त्यांनी सोनीला आणवलं आणि याडीला म्हणाल्या, "तिला विचारा, तुझी आई कोण."

याडीनं विचारलं. गोरबोलीत त्या प्रश्नात याडी हाच शब्द येतो. सोनी तीनेक महिने त्या स्वयंपाकघरात राहिली होती. तिची भाषा बोलणारी, तिला बाटी देणारी तिथं एकच बाई होती आणि तिला ती याडीच म्हणत होती. ती सरळ माझ्या आईपाशी गेली आणि तिच्या लुगड्याला धरून मागं उभी राहिली.

अधीक्षक सर म्हणाले, "पाहा. आम्ही काय वेगळं सांगत होतो?"

कमळी जागची हलली नाही. माझी आई मात्र हलली. तिनं सोनीची बोटं लुगड्यावरून एकेक करून सोडवली, खोलीबाहेर गेली, स्वयंपाकघरात शिरली आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पोर खोलीच्या मधोमध एकटी राहिली. रडण्याच्या बेतात होती. कमळीनं तिला जवळ बोलावलं नाही, हात पसरले नाहीत. ती खाली फरशीवर बसली, मुलीच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि चांगल्या चढ्या आवाजात म्हणाली, "तारी चंपल कत छ?" तुझी चप्पल कुठं आहे?

सोनी लगेच म्हणाली, "बसेम रेगी." बसमध्ये राहिली.

मग ती भराभर सांगायला लागली. एकच राहिली, दुसरी होती, ती पोलिसानं टाकून दिली, मी टाकली नाही. बोलता बोलता ती कमळीच्या मांडीवर जाऊन बसली. नव्या चपला हरवल्याचा हिशोब ज्या माणसाला द्यावा लागतो ते माणूस कोण, हे नायकानं मराठीत सांगायची गरज पडली नाही. अध्यक्षबाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला.

मुलगी द्यायची ठरली. जाताना बालगृहाचा फ्रॉक काढून घेतला, कारण तो संस्थेचा होता. आरशाचं पोलकं कुठं गेलं ते कुणाला सांगता आलं नाही. कमळीनं आपल्या ओढणीत पोर गुंडाळली. चूक कशी झाली, कुणी केली, अपघात कुठं पाहिला, यावर एक शब्द निघाला नाही. उलट कमळीकडून हमी घेतली. अध्यक्षबाई तिला म्हणाल्या, "मूल असं मागं टाकून जाणं हा गुन्हा आहे. पुन्हा एकटी सापडली तर परत मिळणार नाही. समजलं?"

कमळी म्हणाली, "नाई ठेवत, बाई. आता संगच नेतो."

"शाब्बास."

याडी तोवर कडी काढून दारात आली होती. ती म्हणाली, "बाई, संग म्हंजे फडात नेते ते. तांड्यात तिची काकी होती, शाळा होती. तिथं काई नाई."

"पण मूल आईजवळ असेल ना?"

"असन."

"मग झालं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

पुढच्या हंगामात दिग्रसकडच्या त्या बाईनं बाजारात सांगितलं की सोनी फडात आहे. धाकटा भाऊ झालाय, तो दिवसभर तिच्याकडे असतो. मोळीचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ओढताना कोयता लागून तिचं एक बोट गेलं. शाळेच्या पटावर तिचं नाव राहिलं नाही. पोलीस, मंडळ, अधीक्षक, यांतलं कुणी तिला ताब्यात घ्यायला फडावर आलं नाही. ती आईसोबत होती.